आजोबांना नीट आठवत होतं, चूक किटच्या निवडीत आहे

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागेना, म्हणून सकाळी उठून सविस्तर लिहितोय. तुमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावर कामाला होते, तिथे कॅटलिना ही पाण्यावर उतरणारी लष्करी विमानं असायची. 'कॅटलिना पाण्यात उतरली की आम्ही छातीभर पाण्यात शिरून तिला चाकं लावायचो,' असं ते सांगायचे. आता त्यांच्या आठवणीसाठी तुम्ही कॅटलिनाच्या १/७२ प्रमाणातल्या मॉडेलचं किट आणलंत, तर त्यात चाकं चक्क विमानाच्या पोटात मिटणारी निघाली. म्हणून तुम्ही विचारताय की म्हातारपणी आजोबांच्या आठवणीत गोंधळ झाला होता का, आणि मॉडेलला चाकं उघडी लावायची की मिटलेली.

आजोबांच्या आठवणीत काहीही गोंधळ नव्हता. आणि चाकं उघडीही लावायची नाहीत, मिटलेलीही नाहीत. तुमच्या हातात किट आलंय पीबीवाय-५ए चं (पीबीवाय हे कॅटलिनाचं अमेरिकन नौदलातलं नाव), आणि आजोबांचं विमान होतं नुसतं ५. हा एक 'ए' मला फार महाग पडला, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे. बाकी इंजिन, पंखा, जोडणी यातलं तुम्हाला ठाऊक असणारच.

थोडं मागे जातो. अमेरिकन नौदलाला १९३३ मध्ये हवं होतं ते महासागरावर दूरवर गस्त घालणारं विमान. कन्सॉलिडेटेड कंपनीत आयझॅक लॅडन यांनी ते आखलं आणि मार्च १९३५ मध्ये पहिला नमुना उडाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पनामा कालव्याजवळून उडून ते थेट सॅन फ्रान्सिस्कोजवळ अलामेडाला उतरलं. सुमारे ५,५४० किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता. या विमानाची सगळी घडणच पल्ल्यासाठी होती. एक लांबरुंद पंख, त्याच्याच पोकळीत इंधन, पंखाच्या टोकांचे तरंगे उडताना वर वळून पंखाचंच टोक होऊन बसणारे. वेग बेताचा, पण हवेत राहायचं तर दिवसभर आणि रात्रभरसुद्धा. अशा विमानात उगाच चाकं आणि त्यांची यंत्रणा वागवायची म्हणजे तेवढं इंधन कमी. म्हणून मूळ कॅटलिनाला चाकं नव्हतीच. तिचा तळ बोटीचा आणि तिचं घर पाण्यात. पोटात मिटणाऱ्या चाकांचा उभयचर नमुना १९३९ च्या अखेरीस उडाला आणि ५ए म्हणून पुढे आला.

मग दुरुस्तीसाठी विमान किनाऱ्यावर कसं घ्यायचं? सुटी चाकं असायची. पोटाच्या दोन बाजूंना दोन जोड आणि शेपटाकडे एक. माणसं पाण्यात उतरून ती लावायची, मग ट्रॅक्टरने ओढून विमान सिमेंटच्या उतारावरून वर घ्यायचं. पुन्हा पाण्यात सोडताना चाकं काढून किनाऱ्यावर ठेवायची. आजोबा सांगत होते ते हेच, अगदी तंतोतंत.

आता माझं. माझे थोरले काका, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, तरुणपणी कराचीला होते. त्या काळी कराचीत मराठी माणसं पुष्कळ होती. युद्धात कोरंगी खाडीवर ब्रिटिश हवाई दलाच्या कॅटलिनांचा तळ होता, तिथल्या वर्कशॉपमध्ये त्यांना काम मिळालं. तुमच्या आजोबांचंच वाक्य अप्पांच्या तोंडी होतं. फरक इतकाच की तिथे भरती-ओहोटी. ओहोटीला उतार उघडा पडायचा आणि कालवांनी पाय कापायचे. विमान वर घेतलं की आधी गोड्या पाण्याने सगळं धुऊन काढायचं, नाहीतर मीठ धातू खातं, हे ते दर वेळी सांगायचे.

मी तेव्हा तिशीत होतो. मॉडेलचं वेड होतं आणि पुस्तकं वाचून आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं. वाचलेलं बहुतेक प्रशांत महासागरातल्या मिडवेच्या लढाईबद्दलचं. ३ जून १९४२ ला अमेरिकन वैमानिक जॅक रीडने जपानी जहाजं पाहिली ती कॅटलिनातूनच, पण ती ५ए होती, जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडालेली. फोटोंतही सगळीकडे चाकं. मला वाटलं, अप्पांचं काहीतरी चुकतंय. म्हणून खात्री करायला एका कार्यालयाला पत्र लिहिलं. कुठलं ते इथे लिहीत नाही. जुनी कागदपत्रं सांभाळणं हेच त्यांचं काम, एवढंच सांगतो.

तीन पत्रं, एक शुल्क, अकरा महिने. शेवटी आलं काय, तर एका फोटोची झेरॉक्स, त्यात चाकांवर उभी कॅटलिना, आणि खाली टाइप केलेली एक ओळ: 'सदर विमानास मिटणारी चाके होती.' मी पत्रात खाडीचं नाव, वर्ष, अप्पांचं वर्णन असं सगळं दिलं होतं. त्यातलं काहीही कुणी वाचलेलं नव्हतं. कपाटातून हाताला लागला तो फोटो पाठवून फाइल बंद केली. माहिती नसेल तर 'नाही' लिहावं. चुकीचं उत्तर शिक्का मारून पाठवलं की ते खरं होऊन बसतं, याचा मला अजूनही संताप येतो.

पण खरी चूक माझी. तो कागद घेऊन मी अप्पांकडे गेलो आणि म्हणालो, "अप्पा, चाकं आत जायची हो त्याची. तुम्हाला दुसऱ्या कुठल्या विमानाचं आठवत असेल." त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाले, "असेल बाबा. पन्नास वर्षं झाली." आणि त्यानंतर त्यांनी कोरंगीचा विषय कधीही काढला नाही. मी विचारलं तरी 'आता आठवत नाही' म्हणायचे. दोन वर्षांनी ते गेले.

५ आणि ५ए मधला फरक मला कळला तो त्यानंतर, निवांत बसून प्रकारांची यादी वाचताना. ब्रिटिशांकडे उभयचर अगदी थोड्या आल्या होत्या. हिंदी महासागरावर गस्त घालणारी त्यांची दलं पाण्यावरचीच होती. कोरंगी, रेड हिल्स, सिलोनमधलं कोग्गला, सगळीकडे तलाव, खाडी नाहीतर खाजण. ऑस्ट्रेलियाची क्वांटास कंपनी १९४३ पासून पर्थ ते कोग्गला जी गुप्त टपालफेरी चालवायची, तीही अशाच बोटींवर. सत्तावीस ते तेहतीस तास सलग उड्डाण, दोन सूर्योदय हवेतच, आणि वजनापायी प्रवासी फक्त तीन. तिथे चाकांचं ओझं कोण वागवेल? डोकं चालवलं असतं तर मला हे अप्पांसमोर बसूनही कळलं असतं.

तेव्हा माझं स्पष्ट मत: कागद आणि माणूस यांचं जुळत नसेल तर आधी कागद तपासा. म्हाताऱ्या माणसाची तारीख चुकते, युनिटचा नंबर चुकतो, पण हातांनी रोज केलेलं काम चुकत नाही. (मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, बँकेत नोकरी केली. हे माझ्या अनुभवापुरतं घ्या.)

आता किटचं. परत करायची गरज नाही. पोटाच्या दोन्ही बाजूंना चाकांचे गोल खळगे असतील, त्यात प्लॅस्टिक शीटच्या चकत्या कापून बसवा, वर लांबी (पुटी) भरा, वाळली की पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. घाई केलीत तर महिन्याभराने लांबी खाली बसते आणि रंगाखाली गोल दिसायला लागतो. माझं तसं झालंय, म्हणून दोन थरांत भरा. नाकाखालची पुढच्या चाकाची दारंही बुजवा आणि तळाची कड सरळ करा. सुटी चाकं मात्र हाताने बनवावी लागतील, चांगला फोटो समोर ठेवून. फायदा असा की शेपटाला आधार असल्याने मॉडेल मागे कलू नये म्हणून नाकात शिसं भरायची कटकट नाही.

रंगाबद्दल एकच. १९४३ नंतरचं विमान करणार असाल तर पंखावरच्या ब्रिटिश चिन्हाच्या वर्तुळात लाल ठिपका देऊ नका. जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून आग्नेय आशियात तो काढला होता, निळं आणि फिकट निळं एवढंच. आणि किटमध्ये बर्चल या वैमानिकाच्या विमानाचे डिकॅल (चिकटवायची चिन्हं) असतील तर मोह होईल. ४ एप्रिल १९४२ ला त्यानेच सिलोनकडे येणारं जपानी आरमार पाहून संदेश धाडला. नऊ जणांतले सहा वाचले, तेही कैदेत गेले. मोठं काम, वादच नाही. पण तो कोग्गलाचा, कॅनडाच्या ४१३ स्क्वॉड्रनचा. तुम्हाला रेड हिल्सचं विमान हवंय. तिथे २४० आणि नंतर १९१ स्क्वॉड्रन होती. आजोबा कुठल्या वर्षी तिथे होते ते कळलं तर बरंच सोपं होईल.

४४ सेंटीमीटरचा पंख आहे, ठेवायला जागा आधी बघून ठेवा. आणि उतारावर पाण्यात माणसं दाखवणार असाल तर ती वाकलेली दाखवा, एक हात पाण्याखाली. अप्पा सांगायचे, पाणी गढूळ, चाक अडकवायच्या खिळीचं भोक दिसायचं नाही, बोटांनी चाचपून बसवायची. हे त्यांनी मला तो कागद दाखवायच्या आधी सांगितलं होतं. आजोबांनी असं आणखी काही सांगितलेलं आईला, आत्याला कुणाला आठवतंय का, विचारा आणि इथे लिहा. मी वाट बघतोय.