1994 ची माझदा मियाटा रोज चालवायची आहे. लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, किती इंचांच्या घ्याव्यात?

दोन इंचांच्या घेऊ नका. एक इंचाच्या घ्या आणि त्यांच्याबरोबर शॉक ॲब्सॉर्बर नवे घ्या. दोन्हींना पैसे पुरत नसतील तर आधी शॉक घ्या, स्प्रिंगा पुढच्या वर्षी.

तुम्ही लिहिलंय की गाडी डेट्रॉइटच्या उपनगरातून रोज ऑफिसला जाते, शॉक अजून जुनेच आहेत, वळणावर ती जरा जास्त कलते आणि टायर व फेंडर यांच्यामधली पोकळी डोळ्यांना खुपते. मीही मिशिगनमध्येच राहतो, सस्पेन्शनच्या कामातच आहे, आणि पहिल्या पिढीची मियाटा माझ्याकडेही आहे. त्यामुळे तुमचे रस्ते मला माहीत आहेत. हिवाळ्यात भेगांमधलं पाणी गोठतं-वितळतं आणि मार्चपर्यंत डांबराला जे खड्डे पडतात, तेच तुमच्या निवडीत सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

स्प्रिंगांच्या खोक्यावर ‘किती इंच खाली’ हा आकडा ठळक छापलेला असतो. तुम्हाला हवा तो आकडा वेगळा आहे: गाडी उभी असताना चाकाला अजून किती वर जाता येतं? हिशेबासाठी धरून चाला की ही जागा 75 मिलिमीटर आहे. खड्ड्याच्या कडेचा धक्का स्प्रिंगला याच जागेत गिळायचा असतो, आणि ती किती धक्का गिळेल हे तिच्या कडकपणावर आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गावर ठरतं. गाडी 25 मिलिमीटर, म्हणजे एक इंच खाली आली की उरले 50. तोच धक्का तेवढ्यात गिळायला स्प्रिंग सव्वादोन पट कडक लागेल. दोन इंच खाली आणलीत तर उरले 25, आणि लागणारा कडकपणा नऊपट! नऊपट कडक स्प्रिंगवर गाडी तिप्पट वेगाने उसळेल, तशी गाडी रस्त्यावर कोणी चालवू शकणार नाही. म्हणून रस्त्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्प्रिंगा याच्या जवळपासही कडक नसतात. राहिलेला धक्का मग बंप स्टॉपवर जातो, म्हणजे शॉकच्या दांड्यावर बसवलेल्या त्या रबरी ठोकळ्यावर.

बंप स्टॉपवर गाडी अधूनमधून टेकणं वाईट नाही, मियाटाची रचनाच तशी आहे. पण दोन इंच खाली आणलेली गाडी जवळजवळ त्यावरच बसून चालते. कंबरेला हिसके बसतात ते सोडा. ओल्या रस्त्यावर वळण घेताना मागचं बाहेरचं चाक ठोकळ्यावर टेकलं, की त्या क्षणी मागची बाजू एकदम कडक होते आणि टायरची पकड सुटू शकते. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी आणि इलेक्ट्रॉनिक मदत नसलेली ही गाडी अशा वेळी गरकन फिरते. दोन इंचांना मी ठाम नाही म्हणतो ते यासाठी.

किती जागा आहे हे घरच्या घरी मोजता येतं. शॉकच्या दांड्यावर झिप टाय घट्ट बांधा, तो खाली शॉकच्या नळीला टेकवा आणि आठवडाभर रोजच्या रस्त्यावर गाडी चालवा. टाय जिथवर सरकला तिथवर शॉक दबला. मात्र शॉक जितका दबतो त्याहून चाक जास्त उचललं जातं, हे मोजताना लक्षात ठेवा. उंची मोजायची ती जमिनीपासून नाही, तर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, म्हणजे टायर बदलले तरी आकडा तोच राहतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी पुढे 13 इंचांच्या आसपास थांबा, मागे किंचित जास्त ठेवा. साडेबाराच्या खाली जाऊ नका.

आता शॉकबद्दल. स्प्रिंग 30 टक्के कडक झाली तर ती परत उसळताना आवरायला शॉकचा जोर साधारण 14 टक्के वाढावा लागतो, कारण हे नातं वर्गमुळाचं आहे. तीस वर्षांच्या शॉकमध्ये मूळचाच जोर उरलेला नसतो. नव्या स्प्रिंगा त्यांवर चढवल्या की गाडी रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर दोन-तीनदा झुलत राहील आणि तुम्ही दोष स्प्रिंगांना द्याल. कोनीचे पिवळे शॉक मला या गाडीसाठी सगळ्यात पटतात: उसळी आवरण्याचा जोर कमी-जास्त करता येतो, आणि स्प्रिंगची बैठक ठेवायला एकाहून जास्त खाचा असतात. त्यांच्यासोबत फ्लाइन मियाटा कंपनीच्या स्प्रिंगा किंवा आयबाखची प्रो-किट, दोन्ही चालतील. ‘स्पोर्ट’ नावाखाली आणखी खाली बसवणारे प्रकार मिळतात, ते तुमच्यासाठी नाहीत. जुन्या स्प्रिंगांचे वेढे कापून देणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे गाडी टाकू नका.

एक काम मात्र आवर्जून करा. 1999 ते 2005 च्या दुसऱ्या पिढीच्या मियाटाचे शॉकवरचे माउंट (शॉकचं वरचं टोक गाडीला धरणारे भाग) तुमच्या गाडीला बसवता येतात आणि त्यांनी शॉकला दबायला जास्त जागा मिळते. जंकयार्डमध्ये सापडले तर रबर तपासून घ्या. एक इंच खाली आणताना जी जागा गमावता, त्यातली बरीचशी इथे परत मिळते. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू या गाडीत मला माहीत नाही.

वळणावर कलण्याची तक्रार वेगळी धरा. ती पुढच्या जाड स्वे बारने, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याने, बरीच कमी होते, आणि चाकाची जागा एक मिलिमीटरही जात नाही. खरं तर पोकळी खुपत नसती तर मी तुम्हाला नवे शॉक आणि स्वे बार एवढ्यावरच थांबा म्हटलं असतं.

ऑर्डर देण्याआधी गाडीखाली जाऊन अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे, बोल्ट फिरतात का बघा. इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने ते बुशमधल्या (सांध्यातल्या रबरी तुकड्यामधल्या) नळीत गंजून धरून बसतात, आणि मग काम स्प्रिंगांचं न राहता कापाकापीचं होतं. जोडताना चाक धरणाऱ्या आर्मचे बोल्ट चाकं लटकत असताना घट्ट करू नका. गाडी चाकांवर उभी करा, थोडी पुढे-मागे ढकला आणि मग आवळा, नाहीतर बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. पंधरवडाभर चालवून स्प्रिंगा बसू द्या, मग अलाइनमेंट करून घ्या. ते करताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं ओझं ठेवायला सांगा. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे एक अंश, मागे उणे दीड, आणि मागच्या चाकांना अगदी थोडा टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत) मागा. दुकानदार ‘सगळं हिरव्या पट्ट्यात आहे’ म्हणाला तरी छापील कागद घ्या आणि डाव्या-उजव्या बाजूचे आकडे सारखे आहेत का ते स्वतः पडताळा.