माशांसाठी शिळे पाणीच बरे

प्रश्न : मी नेरूळला राहतो. घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काचेची टाकी असून तीत गप्पी आणि मॉली मासे आहेत. दर रविवारी अर्धे पाणी काढून नळाला पाइप लावून टाकी पुन्हा भरतो. गेल्या महिन्यात सोसायटीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली, त्याच आठवड्यात पाणी बदलल्यावर सात मासे दगावले. पाणी रात्रभर भरून ठेवले तर पुरेल का, की प्यायचे आरओचे पाणी घालावे?

उत्तर : आपण लिहिलेला क्रम पाहता मासे क्लोरीननेच दगावले असावेत. खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी भोकरपाडा येथे शुद्ध होऊन आपल्याकडे येते, आणि वाटेत त्यात जंतू वाढू नयेत म्हणून त्यात क्लोरीन राखावाच लागतो. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित आहे. आपल्याला ही मात्रा निर्धोक असली तरी माशांचे कल्ले तिने भाजतात. त्यात धुतलेल्या टाकीतील ब्लीचिंग पावडरचा अंश मिसळला, तर अर्धे पाणी बदलणे जीवघेणे ठरते. पाणी घातल्यावर मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले असतील, तर ती याचीच खूण होती.

आपल्या घरांत कालचे पाणी शिळे म्हणून ओतून देण्याची पद्धत आहे. माशांना मात्र हे शिळे पाणीच मानवते. मुक्त क्लोरीन हवेत उडून जातो, त्यामुळे पसरट तोंडाच्या बादलीत पाणी चोवीस तास ठेवले आणि त्यात एअर पंपाची नळी सोडली, तर एरवीच्या दिवसांत तेवढे पुरते. बादलीवर घट्ट झाकण न ठेवता पातळ फडके बांधावे, म्हणजे क्लोरीन निघून जाईल आणि डासांना अंडी घालता येणार नाहीत. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते. अशा वेळी आणि टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात केवळ वेळेवर विसंबू नये. दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे थेंब बाटलीवरील प्रमाणानेच घालावेत. त्यांतील सोडियम थायोसल्फेट क्लोरीनला काही मिनिटांतच निकामी करते. पाण्यातील क्लोरीन अमोनियाशी जुळून क्लोरामाइन झालेला असेल, तर तो रात्रभरात उडत नाही, हेही थेंब जवळ बाळगण्याचे एक कारण आहे.

आरओचे पाणी घालू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ते पिण्यास कितीही स्वच्छ असले तरी त्यातील बहुतेक क्षार निघून गेलेले असतात, आणि या क्षारांवरच पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) स्थिर राहतो. गप्पी आणि मॉली हे तर क्षारयुक्त पाण्यातच सुखी असणारे मासे आहेत. माशांना अतिशुद्ध पाण्यापेक्षा, ज्या पाण्यात ते राहत आहेत त्याच्याशी जुळणारे पाणी अधिक हवे असते. याच कारणासाठी पाणीकपातीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी आले, तर ते एकदम न घालता दर वेळी थोडे थोडे मिसळावे, कारण ते बहुधा नळाच्या पाण्यापेक्षा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते.

तापमानाकडेही असेच पाहावे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेले पाणी हाताला चटका देते. म्हणून बादली सकाळी भरून माशांच्या टाकीशेजारी ठेवावी आणि दोन्हीकडे तापमापी बुडवून एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नाही, एवढे पाहूनच पाणी ओतावे.

आपल्या टाकीत काठोकाठ भरल्यास सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ ते ५० लिटर. यातील चौथा भाग, म्हणजे जेमतेम बारा लिटर, आठवड्याला बदलणे पुरेसे आहे आणि तेवढे पाणी एका बादलीत तयार होते. पाइप सोडून द्यावा आणि मगाने काचेच्या कडेने सावकाश पाणी घालावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला, तर माशांच्या विष्ठेतील अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू क्लोरीनने मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. गेल्या महिन्यात हे जिवाणूही मेले असण्याची शक्यता आहे, म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे खाद्य निम्मे करावे आणि नवे मासे आणू नयेत.