वाढघटकांचे इंजेक्शन घ्यावे का?

"मॅडम, बीज सुधारणाऱ्या वाढघटकांचे इंजेक्शन मिळते म्हणे, ते घेतले तर मला दिवस राहतील का?" हा प्रश्न विचारणारी स्त्री ३१ वर्षांची होती. लग्नाला तीन वर्षे झालेली, पाळी नियमित, आणि हातात एएमएच कमी असल्याचा अहवाल. सासरी 'हिचे बीजच कमकुवत' असे ठरून गेले होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करणारे तिचे यजमान शेजारी गप्प बसले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी आधी अहवालाविषयी बोलले. एएमएच हे संप्रेरक बीजाभोवतीच्या पेशी तयार करतात. त्यावरून बीजांच्या उरलेल्या साठ्याचा अंदाज येतो, परंतु बीज चांगले की वाईट हे त्यातून कळत नाही आणि नैसर्गिकरीत्या गर्भ राहणार नाही असा निष्कर्षही निघत नाही.

वाढघटकांची, म्हणजे पेशींना वाढण्याचा संदेश देणाऱ्या प्रथिनांची, गोष्ट वेगळी आहे. बीज हे केवळ पोसले जाणारे बाळ नसते. ते स्वतः जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही प्रथिने स्रवते, आणि त्यांच्या प्रभावाने भोवतालच्या पेशी वाढतात, बीज बाहेर पडण्यापूर्वी त्याच्याभोवतीचे आवरण फुलते. बीजाला ग्लुकोज स्वतः नीट वापरता येत नाही, म्हणून याच पेशी ते पचवून त्याला पायरुवेट हे इंधन पुरवतात. जीडीएफ-९ नसलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये पुटिकांची (ज्यांत बीज वाढते त्या बीजांडकोशातील छोट्या पिशव्यांची) वाढ सुरुवातीलाच खुंटते व त्या वंध्य राहतात, हे १९९६ मध्ये दिसून आले.

"मग ते बाहेरून द्यायलाच हवे ना?" तिने लगेच विचारले.

तेव्हा मी मेंढ्यांचा दाखला दिला, आणि यजमान प्रथमच पुढे सरकून बसले. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढ्यांमध्ये बीएमपी-१५च्या जनुकात बदल असतो. त्याची एक प्रत असेल तर मेंढीला जुळी होण्याचे प्रमाण वाढते, मात्र दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ती वांझ राहते. "फलटणच्या नारी सुवर्णा मेंढीतही असेच काहीतरी आहे ना?" त्यांनी विचारले. आहे, पण तिथे बंगालच्या गरोल मेंढीकडून आलेला बदल वाढघटकात नसून अशा घटकांचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहीत आहे, आणि त्यामुळे एरवी बहुधा एकच कोकरू देणाऱ्या दख्खनी मेंढीला जुळी होऊ लागली. ही यंत्रणा इतकी मापाची आहे की 'जास्त दिले की चांगले' हा हिशेब तिला लागू पडत नाही.

तिने जाहिरातीत पाहिलेले इंजेक्शन तर स्वतःच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेटचे होते. त्यातील वाढघटक प्लेटलेटचे असतात, बीजाचे नव्हेत. ते बीजांडकोशात टोचल्याने मूल होण्याची शक्यता वाढते असा भक्कम पुरावा अद्याप नाही. बीजाचे स्वतःचे घटक पुटिकेच्या आत, अगदी जवळच्या पेशींवर काम करतात, आणि नेहमीच्या उपचारांत देता येईल असे त्यांचे औषध आज नाही. पैसे घालवण्यापूर्वी हे कळावे, इतकेच मला वाटत होते.

मग मी यजमानांच्या वीर्यतपासणीचा अहवाल मागितला. तो नव्हताच, कारण तीन वर्षांत कोणी सुचवलेच नव्हते. खरे सांगायचे तर हे मला दर महिन्याला ऐकावे लागते. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा असतो, हे मी सांगितले. बीजवाहक नलिका मोकळ्या आहेत का, हे पाहण्यासाठी तिलाही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

उठताना तिने हळूच विचारले, "सासूबाईंना हे काय सांगू?"

"आईशी मी बोलतो," ते म्हणाले, आणि प्रयोगशाळेची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली.