पार्टी फसेल ही भीती, आणि तिच्या आडची

मी समुपदेशक आहे. नोव्हेंबर सरत आला की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. वर्षअखेरच्या पार्टीचं काम गळ्यात पडलंय आणि झोप उडालीय. येणारे बहुतेक एचआर नाहीतर ॲडमिनमधले. कोणी पिऊन गोंधळ घातला तर माझ्यावर शेकेल, कोणाला मजा आली नाही तर वर्षभर टोमणे ऐकावे लागतील. या वर्षीही तेच कानावर आलं, म्हणून मृणालबद्दल लिहिते. नाव आणि तपशील बदलले आहेत, तिची परवानगीही आहे.

मृणाल हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत एचआरला. दीडशे माणसं, मुळशीच्या बाजूचं रिसॉर्ट, डीजे, जेवण आणि अर्थातच बार.

"मॅडम, सगळ्यांना मजा आलीच पाहिजे हो. नाहीतर माझी लाज जाईल."

"दीडशे माणसांची मजा तुझ्या पगारात धरलीय का?"

ती हसली, पण पटलं नव्हतं.

घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलचा आपला हट्टच आपल्याला जास्त छळतो, ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मांडणी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. मी त्याच वाटेनं काम करते. मृणालबरोबरही तसंच सुरू केलं. लोकांनी नाकं मुरडली तर काय होईल? ग्रुपवर दोन दिवस टवाळी. मग? मग काही नाही. इथवर ती आली, झोप मात्र येईना.

पुढच्या खेपेला तिनं बसायच्या जागांचा आराखडा आणला. मोठा कागद, त्यावर गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी पेन्सिलनं लिहिलेली नावं. एका नावाशी इतकी खाडाखोड झाली होती की कागद तिथे विरला होता.

"इथे कोण?"

"आमचे एक सर. त्यांना कुठे बसवू तेच कळत नाहीये."

"कुठे बसवायचंय?"

"बारपासून लांब. डान्स फ्लोअरपासूनही. ट्रेनी मुलींचं टेबल आहे, तिथून तर..." ती थांबली.

मी काही बोलले नाही. अशा वेळी धीर द्यायचा मोह फार होतो, पण तो आवरला तरच पुढचं वाक्य येतं.

आलं. गेल्या पार्टीत सरांनी एका ट्रेनी मुलीला हात धरून नाचायला ओढलं होतं. ती नको म्हणत होती, आजूबाजूचे शिट्ट्या मारत होते. मृणालनंच तिला बाहेर नेऊन कॅबमध्ये बसवलं. सोमवारी ऑफिसात 'सर जरा टाइट होते' एवढ्यावर विषय मिटला. पुढे ती मुलगी नोकरी सोडून गेली.

पार्टी फसेल ही भीती मृणालला कँटीनमध्ये, घरी, कुठेही बोलून दाखवता येत होती. सर पुन्हा तसंच करतील, ही नव्हती. मग बोलता येणारी भीतीच ती सगळीकडे घेऊन फिरत होती. आम्ही समुपदेशक अवास्तव विचार शोधायला टपलेले असतो. इथे आतली भीती अगदी वास्तव होती, तिला पुरावा होता. ती खोडून काढायची नव्हती, योग्य माणसाकडे पोचवायची होती.

"आणि हे तू टेबलं हलवून थांबवणार?"

ती आधी रडली, मग चिडली. चिडलेली पाहून मला हायसं वाटलं.

लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कामानिमित्त जावं लागतं ती जागा कामाचं ठिकाणच मानतो, कंपनीनं दिलेल्या गाडीसकट. कंपनीची पार्टी रिसॉर्टवर आहे म्हणून कोणी सुटत नाही. दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागते, तशी ती मृणालच्या कंपनीत होती. फलकावर. मृणाल समितीच्या अध्यक्षांना जाऊन भेटली आणि पार्टीआधी डायरेक्टरांनी सरांना स्वतः बोलावून घेतलं. हे काम मुळात तिचं नव्हतंच.

मग बाकीची आखणी झरझर झाली, कारण आम्ही ती शेवटाकडून केली. "निघताना गेटवर काय चाललंय?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. थीमवर आठवडे गेले होते आणि लोक घरी कसे जाणार हे कोणी ठरवलंच नव्हतं. पार्टी आखणाऱ्या प्रत्येकाला मी आता हाच प्रश्न आधी विचारते. प्यायलेल्याच्या हातून गाडीची किल्ली काढून घेणं महाकठीण, त्यापेक्षा गाड्या आणूच नका म्हणावं आणि बस ठेवावी. बस सुटायच्या तासभर आधी बार बंद. उशिरा घरी सोडताना गाडीत शेवटी एकटी मुलगी उरता कामा नये. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 लागतं, कडक दारूसाठी 25; नव्यानं लागलेली निम्मी पोरं त्यात बसत नाहीत, हे बारवाल्याला आधीच सांगावं. लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे, तेव्हा दुपारी चारला सुरुवात केलेली काय वाईट? न पिणाऱ्याला 'घे रे एक' करणारा माणूस कोण, हे प्रत्येक ऑफिसला ठाऊक असतं; त्याला हातात माइक देऊ नये. आणि डिसेंबरात मार्गशीर्षातला गुरुवार धरलात तर उपासवाल्या बायका कोरड्या हसतील आणि मटण उरेल.

जानेवारीत मृणाल आली. पनीर गार होतं, डीजे बरा होता, दोघांनी नाकं मुरडली. सर जेवून लवकर निघून गेले. लिफ्टमध्ये ते भेटले की अजून तिचे तळवे घामेजतात. सध्या आम्ही त्यावर काम करतोय.