“बुडालं तर?” या प्रश्नाच्या मागे काय होतं

छोटा धंदा काढू पाहणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो: “मॅडम, पैसे बुडाले तर?” इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एक ताईही हेच विचारत आल्या. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 38, मुलगा आठवीत, यजमान खासगी नोकरीत. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढायचं तीन वर्षांपासून मनात होतं. कापडाची नजर चांगली. झबलं नुसतं हातात घेऊन शिवण कुठे टोचेल ते सांगायच्या. पण जागा बघायला निघायचं ठरलं की आदल्या रात्री झोप उडायची, छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. ही अपयशाची नेहमीची भीती समजून श्वासाचे व्यायाम दिले, “तुम्हाला जमेल” असा धीर दिला. त्यांनी मान डोलावली आणि धडधड तशीच राहिली. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “बुडालेलं दुकान तुम्ही कधी जवळून पाहिलंय का?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बाबांचं.”

देवासला वडिलांचं कापडाचं दुकान होतं. ताई दहावीत असताना ते बंद झालं. त्यांना आठवत होता तो शेवटचा दिवस: रिकामी मांडणी, आईच्या बांगड्या विकलेल्या, आणि घरात कुणीच काही बोलत नाही. त्या दिवसापासून “दुकान” म्हणजे त्यांच्या मनात हाच दिवस.

मी त्यांना सांगितलं, दुकान कशानं बुडालं ते आठवेल तेवढं लिहून आणा. वडिलांना विचारायचं धाडस झालं नाही, आईला विचारलं. पुढच्या भेटीत दीड पान आणलं. उधारी होती, नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची, मागायला संकोच वाटायचा म्हणून साचलेली. घरखर्च गल्ल्यातूनच व्हायचा. किराणा, फी, लग्नातला आहेर, सगळं. त्यामुळे नफा किती आणि भांडवल किती खाल्लं, हे घाऊक व्यापाऱ्याचे पैसे थकेपर्यंत कळलंच नाही. कपडे विकले जात नव्हते असं त्या पानावर कुठेही नव्हतं. ते त्यांनीच पान वाचताना पाहिलं. मी बोलले असते तर तेवढं पोचलं नसतं.

धंद्याचा सल्ला देणं माझं काम नाही. पण भीतीला आकडा नसला की ती घराएवढी होते, म्हणून एका भेटीला यजमानांना बोलावलं आणि दोघांना विचारलं, मुलाची फी आणि घरखर्च यांना हात न लावता किती रक्कम पूर्ण गेली तरी चालेल? बरीच वादावादी झाली. यजमान घर तारण ठेवायला निघाले होते, प्रेमानंच, आणि त्या धास्तावल्या होत्या त्यानंच. शेवटी 40 हजारांवर दोघं थांबले. छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेत शिशु या सगळ्यात लहान गटात 50 हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, आणि राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, एवढं कळल्यावर यजमानांचाही जीव भांड्यात पडला. घराचे कागद कपाटातच राहिले.

जागा न घेता आधी संक्रांत बघू, ही कल्पना ताईंची. इंदूरच्या मराठी घरांत बोरन्हाण होतंच, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सगळ्यांना काळा सुती झबला-फ्रॉक हवा असतो, तो ऐनवेळी मिळत नाही. परदेशीपुऱ्यातल्या रेडीमेड कॉम्प्लेक्समधून माल आणला, बैठकीच्या खोलीत मांडला. दोन वह्या केल्या, एक घराची, एक मालाची. उधारी नाही, हे दारावरच लिहिलं. पहिल्या आठवड्यात नणंदेनं “नंतर देते” म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला असेल याची मी कल्पना करू शकते. त्यांनी फ्रॉक बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ठेवते तुमच्यासाठी, पैसे आणाल तेव्हा न्या.” त्या रात्री त्या शांत झोपल्या. मला हा फ्रॉक सगळ्या विक्रीपेक्षा मोठा वाटतो.

तोटाही समजला. घाऊकवाला एका डिझाइनचा साइजचा पूर्ण सेट देतो, सुटा नग देत नाही. आणि आया “वाढत्या अंगाचा” म्हणून एक साइज मोठाच उचलतात, त्यामुळे सगळ्यात लहान साइज पडून राहिले. रथसप्तमीनंतर नऊ काळे झबले उरले. ते सांगताना त्यांचा आवाज कापला नाही. “नऊ” म्हणाल्या, आणि पुढे त्यांची किंमत सांगितली.

दुकानाची जागा अजून घेतलेली नाही. धडधड कधीतरी होते. पुढच्या भेटीला त्या वडिलांना सोबत आणणार आहेत. त्यांना विचारायचे चार प्रश्न मालाच्या वहीत मागच्या पानावर लिहिले आहेत, पहिला आहे, “बाबा, उधारी मागायला तुम्ही जात का नव्हतात?”