‘घरात दोन भाषा आहेत म्हणून बोलत नाही’ यावर थांबू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, दहा-बाराच शब्द बोलतो, हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे जमणार नाही, स्पेशल शाळेत घाला.’ आणि तुमचा प्रश्न आहे, सोलापुरात चांगली स्पेशल शाळा कोणती. शाळेचं नंतर बोलू. मला टोचलं ते तुमचं दुसरंच वाक्य: ‘घरी तेलुगू, बाहेर मराठी, म्हणून गोंधळतोय असं सगळे म्हणतात.’

हे मी दोन वर्षं ऐकलं. आमचं घरही सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, शेजारी उर्दू, टीव्हीवर हिंदी, शाळेत मराठी. आमच्या गल्लीतली सगळी पोरं या चारही भाषांत भांडतात, मग माझ्या एकट्याच पोराला भाषा कशी बाधली, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. दोन भाषा ऐकणारं मूल एका वाक्यात दोन्ही मिसळेल, पण भाषा जास्त झाल्या म्हणून मूल मुकं राहत नाही. ‘त्याचा बाप पण उशिराच बोलला’ हे वाक्यही त्याच माळेतलं. असेलही बोलला उशिरा. तपासणी करायला त्याची आडकाठी नको.

याची उलटी चूकही आम्ही केली. एका ठिकाणी सांगितलं, घरात फक्त मराठी बोला. सासूबाईंना मराठी बेताचंच. त्या मुलाशी बोलायच्याच बंद झाल्या. दिवसभर त्याच्याशी बोलणारं घरातलं एकमेव माणूस गप्प! पुढच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ज्या भाषेत माया येते त्या भाषेत बोला. त्यानंतर त्याचा पहिला स्पष्ट शब्द ‘नीळ्ळु’ आला, म्हणजे पाणी.

तर आधी कान. ‘डबा वाजवला की वळतो’ ही तपासणी नव्हे. जाड आवाज ऐकू येऊन ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज निसटणारी मुलं असतात. बेरा तपासणी सांगतील (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघतात), तिला मूल झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवा आणि सकाळी गाडीवर झोपू देऊ नका, नाहीतर तिथे पोचेपर्यंत झोप संपते आणि फेरी फुकट. आमची गेली.

त्याच आठवड्यात सिव्हिलला बालरोग विभागात दाखवा. जवळच्या अंगणवाडीतही नाव सांगून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि तिथून पुढच्या तपासणीला पाठवतं. निदानाचं नाव ठरायला वेळ लागतो, त्यासाठी थेरपी थांबवू नका. माझ्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आहे हे पक्कं व्हायच्या आधी पाच महिने स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, सुरू होती. आठवड्यातला पाऊण तास थेरपिस्टचा, बाकी सगळा घरचा. म्हणून दर वेळी एकच विचारा: ‘या आठवड्यात घरी काय करू?’ याचं उत्तर न देणारं, आईला बाहेर बसवून दार लावणारं सेंटर मी तरी सोडलं असतं. ‘सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो’ म्हणणाऱ्या एकाला आम्ही आगाऊ पैसे भरून बसलो होतो. माझ्या बांगड्या गेल्या त्यात, अजून काय सांगू.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं: स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरायचा, मग रुग्णालयात डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी मुलाला घेऊन जायचं. सगळे जुने रिपोर्ट आणि त्यांच्या झेरॉक्स एका फाइलीत ठेवा. बहुतेक सवलती ४० टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतात. तुमच्या जाऊबाईंच्या मुलीचं अक्षरांचं विचारलंत, तर अध्ययन अक्षमतेचा (लिहिण्या-वाचण्यातल्या अडचणीचा) दाखला वयाची आठ वर्षं होईपर्यंत मिळत नाही. तोवर तिला आळशी म्हणू नका, एवढंच.

आता शाळा. स्पेशल शाळा वाईट नसते, काही मुलांना तीच लागते. पण ते बालवाडीच्या बाईंनी दारातून ठरवायचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या स्पेशल शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. सरकारमान्य शाळेने दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारणं त्या कायद्यात बसत नाही. खासगी शाळांतल्या आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांत अशी मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तोंडी ‘नाही’ ऐकून परतू नका. अर्ज लिहून द्या आणि पोहोच घ्या. पोहोच मागितली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी दोनदा पाहिलंय. शिक्षण विभागाच्या शहर साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत ते विचारा. तालुक्यात असाल तर गटसाधन केंद्रात. माझ्या मुलाला पहिलीत बेंचवर बसवायचं कसं, हे त्याच्या वर्गशिक्षिकेला अशाच एका सरांनी दाखवलं: भिंतीकडची जागा, आणि दर वीस मिनिटांनी फळा पुसायला उठवायचं. पैसा लागला नाही. तो आता आठवीत आहे. गणित मागे आहे, पण चित्रं काढतो.

पैशाचं थोडक्यात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगत्व यांच्यासाठी निरामय विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीच्या खर्चालाही काही रक्कम मिळते. साहेबांचा पगार कर भरण्याइतका असेल तर आयकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग मुलासाठी ७५ हजारांची वजावट आहे, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची.

आणि तुम्ही. लग्नाकार्याला जाणं बंद केलंय असं लिहिलंत. मी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेलाही चार वर्षं गेले नाही, पाळण्यांचा आणि भोंग्यांचा आवाज त्याला सोसत नाही म्हणून. मग थेरपीच्या बाकावर भेटलेल्या दोघी आया म्हणाल्या, सकाळी जाऊ. पाळणे सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघी मुलांना घेऊन यात्रेच्या होम मैदानावर गेलो. माझ्या मुलाने बंद पाळण्याला हात लावून पाहिला, दुसरीच्या मुलीने भुईवर लोळण घेतली आणि आम्हाला कुणाचीच माफी मागावी लागली नाही. तुमच्या थेरपीच्या बाकावरही अशी एक आई बसलेली असेल. नंबर मागून घ्या.

सोमवारी आधी कानाचं बघा. रिपोर्ट आला की इथेच टाका, त्यावरून शाळेचं बोलू.