लिव्हरला ग्रेड ४ इजा, आता ड्रेनमधून (पोटात ठेवलेल्या नळीतून) पित्त येतंय. पोट न उघडता ईआरसीपी (दुर्बिणीने पित्तनलिकेवर उपचार) का?
ग्रेड म्हणजे इजा किती गंभीर ते; तो बहुधा सीटी स्कॅनवरून ठरतो, १ ते ५ (पूर्वी ६ वाही होता, २०१८ मध्ये काढला). चीर १ सेंमीपेक्षा उथळ तर ग्रेड १, ३ सेंमीपेक्षा खोल गेली की ३, एका लोबचा (लिव्हरच्या मोठ्या भागाचा) २५ ते ७५ टक्के भाग फाटला की ४. पण ऑपरेशनचा निर्णय नुसत्या आकड्यावर होत नाही. बीपी, नाडी स्थिर असेल तर ग्रेड ४ सुद्धा पुष्कळदा टाके न घालता भरून येतो.

पित्त गळतं ते फाटलेल्या पित्तनलिकेतून. मुख्य नलिका आतड्यात उघडते तिथे स्नायूंची झडप असते. तिच्या दाबामुळे पित्ताला चिरेतून बाहेर पडणं सोपं जातं. ईआरसीपीत तोंडातून दुर्बीण घालून त्या झडपेतून स्टेंट (बारीक नळी) ठेवतात, कधी झडपेला छोटा छेदही देतात. दाब उतरला की पित्त सरळ आतड्यात जातं आणि चीर हळूहळू मिटते. पोटात आधीच साचलेलं पित्त मात्र स्टेंटने निघत नाही, म्हणून ड्रेन काढायची घाई करत नाहीत.

प्लास्टिकचा स्टेंट साधारण ४ ते ८ आठवड्यांनी काढावाच लागतो. तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, बरं वाटलं की लोक विसरतात. मधे ताप, थंडी, कावीळ किंवा पोटात जोराची कळ आली तर तारखेची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.